आधी चिलटं, मग कोळी : नाशिकच्या घरात उड्या मारणाऱ्या कोळ्यांची पैदास

माझ्या पहिल्या कोळी-मादीच्या अंड्यांच्या कोशातून पिल्लं बाहेर आली तेव्हा घरात चिलटांची एकच बरणी होती, आणि तीही अर्धी रिकामी. पिल्लं मोजली, ४१ भरली. दोन दिवस निभावलं. तिसऱ्या दिवशी चिलटं संपली, पाचव्या दिवशी भावंडं एकमेकांना धरू लागली. महिना संपता संपता ९ उरली. ती उपासमार माझ्या हातून झाली होती आणि मला तिचं अजून वाईट वाटतं. म्हणून हा लेख नेहमीच्या क्रमाने जाणार नाही. कोळी कुठे शोधायचा, नर-मादी कधी एकत्र आणायचे, हे सगळं पुढे आहे. पण पिल्लांच्या तोंडात काय घालायचं, हे आधी.

थोडी ओळख

घराच्या भिंतीवर दिवसाढवळ्या फिरणारा, जवळ गेलं की वळून तोंडाकडे बघणारा, टुणकन उडी मारून माशी धरणारा छोटा केसाळ कोळी तुम्ही पाहिलेला असतो. तोच जंपिंग स्पायडर. त्याच्या कुळाचं शास्त्रीय नाव सॉल्टिसिडी. ६००० हून जास्त जाती असलेलं हे कोळ्यांमधलं सर्वांत मोठं कुळ. जाळं लावून वाट बघत बसणं यांच्या स्वभावात नाही. हे उजेडात, डोळ्यांनी शोधून, मांजरासारखे दबकत जाऊन शिकार करतात. डोळे ८. त्यातले पुढचे २ मोठे. या दोन डोळ्यांचं भिंग जागेवर पक्कं असतं, पण आतला पडदा हलतो, त्यामुळे कोळी शरीर न हलवताही नजर फिरवू शकतो.

आणखी एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे तिचा उपयोग आहे. कोळ्याचे पाय लांब होतात ते स्नायूंच्या ओढीने नव्हे, तर शरीरातल्या द्रवाच्या दाबाने. उडी मारताना तो हा दाब एकदम वाढवतो आणि मागचे पाय ताठ होतात. शरीरात पाणी कमी पडलं तर दाब पडतो, मग पाय पोटाखाली आखडतात.

चावतो का, हे प्रत्येक जण विचारतो. बोटांत दाबला तर चावू शकतो. त्याचं विष माशीसाठी असतं, माणसाला त्यापासून धोका नसतो. लहान मुलांच्या हाती मात्र देऊ नका, आणि त्यात काळजी मुलांपेक्षा कोळ्याची जास्त.

चिलटांच्या बरण्या

पिकलेल्या केळ्यावर घोंघावणारी चिलटं हे पिल्लांचं पहिलं अन्न. ती पाळणं अवघड नाही, पण त्यात नियमितपणा लागतो. नवखा माणूस कोळ्यात चुकत नाही, इथे चुकतो.

अर्धा किलोची पारदर्शक बरणी घ्या. दोन मोठे चमचे रवा आणि एक चमचा गूळ पाण्यात शिजवून घट्ट लापशीसारखं करा. गार झालं की त्यात एक काळं पडलेलं केळं कुस्करा आणि चमचाभर व्हिनेगर घाला. व्हिनेगरने बुरशी लांब राहते. बरणीत दोन बोटं जाडीचा थर द्या, वर बेकरीत वापरतात त्या यीस्टचे चार दाणे भुरभुरवा. अंड्याच्या ट्रेचा एक तुकडा उभा खोचा. अळ्या कोष करायला वर चढतात, त्यांना कोरडी जागा हवी. आता ही बरणी संध्याकाळी खिडकीत उघडी ठेवा, शेजारी केळ्याची साल. १५-२० चिलटं आत शिरली की तोंडाला मलमलचं दुहेरी फडकं बांधा आणि तारीख लिहा.

२५ अंश तापमानात अंड्यापासून नवी चिलटं व्हायला साधारण १० ते १२ दिवस लागतात. नाशिकच्या डिसेंबर-जानेवारीत हेच काम जवळपास दुप्पट वेळ घेतं. एप्रिल-मेमध्ये उलटी अडचण येते : ३० अंशांच्या वर चिलटांची वीण मंदावते, आणि दुपारी तापलेल्या खोलीत बरणीच्या बरणी वांझ जाते. माझ्याकडे उन्हाळ्यात या बरण्या माठाच्या शेजारी, जमिनीवर, ओल्या फडक्याच्या कडेने असतात. घरातली तीच जागा सर्वांत थंड.

आता हिशोब. समजा ४० पिल्लं आहेत. प्रत्येकाला एक दिवसाआड ३ चिलटं दिली तरी रोजची ६० झाली. माझ्या एका बरणीतून सगळी मिळून दीड-दोनशे चिलटं निघतात, म्हणजे एक बरणी तीन दिवसांची. त्यामुळे दर तीन-चार दिवसांनी नवी बरणी लावायची, आणि कोणत्याही दिवशी वेगवेगळ्या वयाच्या किमान चार बरण्या चालू हव्यात. महिना झालेली बरणी टाकून द्या, मोह धरू नका. जुन्या बरणीत पिठूळ, सूक्ष्म गोचिडी होते आणि एकदा झाली की सगळ्या बरण्यांत पसरते. बरण्या साबणाच्या पाण्याच्या परातीत ठेवल्या तर ती एकीतून दुसरीत जात नाही.

रानटी चिलटं उडतात, पिल्लांच्या डबीत घालताना निम्मी घरभर होतात. बरणीतली चिलटं रिकाम्या बाटलीत झटकून ती बाटली फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ८-१० मिनिटं ठेवा. सुस्त होतात, मग ब्रशने उचलून घालता येतात. फ्रीझरमध्ये ठेवू नका, मरतात, आणि न हलणाऱ्या भक्ष्याकडे पिल्लू सहसा लक्ष देत नाही. तुमच्या ओळखीत प्राणिशास्त्र शिकवणारं कुणी असेल तर प्रयोगशाळेतली खुरट्या पंखांची चिलटं मागून बघा. ती उडत नाहीत आणि पिढ्यान्‌पिढ्या तशीच राहतात.

हे सगळं दीड महिना न चुकता जमलं की मगच पुढे जा. त्या दीड महिन्यात एकटा कोळी पाळायला हरकत नाही, पण जोडी लावायची नाही.

कोणता कोळी घ्यावा

ज्याला काहीच अनुभव नाही त्याने घराच्या भिंतीवरचा प्लेक्सिपस पायकुली घ्यावा. हा जगभरच्या उष्ण प्रदेशांत माणसाच्या घरांत राहतो. नर काळा, पाठीवरून मधोमध पांढरा पट्टा, पोटाच्या मागच्या टोकाकडे दोन पांढरे ठिपके. मादी तपकिरी-करडी, मधला पट्टा फिकट. साधारण एक सेंटिमीटरची, धीट, खादाड, आणि तिची पिल्लं जन्मतःच चिलट धरण्याइतकी मोठी. पैदाशीसाठी हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा आहे.

बाहेरच्या भिंतींवर, कंपाउंडवर दिसणारा चपटा करडा कोळी म्हणजे मेनेमेरस बिविटाटस. तोही काटक आहे, पण पिल्लं बारीक असतात. घरातल्या कुंड्यांच्या आसपास काळा, पांढऱ्या चंद्रकोरीचा आणि तोंडापाशी पायांसारखे दोन छोटे पांढरे अवयव हलवणारा नर दिसला तर तो हॅसेरियस ॲडॅन्सोनी. देखणा, पण पहिल्या वर्षी नको. त्याच्या पिल्लांना चिलटापेक्षा लहान काही लागतं, आणि ते म्हणजे ओल्या कुंडीखाली पालापाचोळ्यात उड्या मारणारे स्प्रिंगटेल. ते पाळणं हा वेगळा उद्योग आहे.

मुंगीसारखा दिसणारा कोळी मोहात पाडतो, घेऊ नका. तो बंदिस्तात फार चोखंदळ होतो.

परदेशात फिडिपस रेजियस नावाचा अमेरिकेतला मोठा कोळी खूप पाळतात, आणि आपल्याकडेही कुणी कुणी तो चोरून विकतो. परवान्याशिवाय परदेशातून जिवंत प्राणी आणणं बेकायदा आहे, आणि असा कोळी चुकून निसटला तर आपल्या बागेत त्याला जागा नाही. आपल्या भिंतीवरचा कोळी फुकट आहे, इथल्या हवेचा आहे, आणि जास्त झाला तर परत जाऊ शकतो.

अभयारण्यातून, राखीव वनातून काहीही उचलू नका. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला गेलात तर तिथला कोळी तिथेच राहू द्या. ओळख पटत नाही असा कोळी दिसला तर फोटो काढा आणि सोडून द्या. ठाण्यात सापडलेल्या एका नव्या जातीला २०२१ मध्ये हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून इसियस तुकारामी असं नाव मिळालं. मुंबईच्या एवढ्या जवळ, एवढ्या गर्दीत नवी जात निघते, तर आपण अनोळखी कोळी डबीत भरताना दहादा विचार करायला हवा.

कधी आणि कसा पकडायचा

नाशिकमध्ये पाऊस लागला की किडे वाढतात आणि त्यामागे कोळी. आषाढात भिंतीवर अर्धवट वाढलेले कोळी भरपूर दिसतात. तेव्हा घेतलेला कोळी श्रावण-भाद्रपदात वयात येतो, पिल्लं ऑक्टोबरच्या सुखद हवेत निघतात आणि डिसेंबरच्या थंडीआधी थोडी अंगात भरतात. मी तरी हाच काळ धरतो. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांच्या भिंती, सोसायटीचा जिना, गच्चीवरची पाण्याची टाकी, बाल्कनीतल्या कुंड्या, अशा ठिकाणी सकाळी १० ते दुपारी १२ या वेळात बघा. ऊन भिंतीवर आलेलं असतं आणि ते शिकारीला निघालेले असतात.

काचेचा पेला वरून ठेवायचा, खालून पोस्टकार्ड सरकवायचं. चिमटीत धरायचं नाही. जिथून उचलला ती जागा लिहून ठेवा, शेवटी लागणार आहे. पेस्ट कंट्रोल झालेल्या इमारतीतला कोळी आणू नका, आठवड्यात मरतो.

नर-मादी ओळखायला तोंडापाशी बघा. तिथे पायांसारखे दोन छोटे अवयव असतात, त्यांना पल्प म्हणतात. प्रौढ नराच्या पल्पचं टोक बॉक्सिंगच्या हातमोज्यासारखं फुगलेलं असतं, मादीचं सडपातळ. मादी प्रौढ झाली की पोटाच्या खालच्या बाजूला, पुढच्या भागात, एक काळपट टणक खूण दिसते. पारदर्शक डबी उलटी धरून भिंगाने बघता येते. एक मादी आणि दोन नर मिळाले तर उत्तम. नर आयुष्याने कमी असतात आणि एकाच कोशातले नर माद्यांच्या आधी वयात येतात, म्हणून नर वेगळ्या भिंतीवरचा असावा.

बरणी उलटी ठेवा

हा कोळी जाळं लावत नसला तरी झोपायला, कात टाकायला आणि अंडी घालायला रेशमाची जाडसर खोळ विणतो, आणि ती नेहमी सर्वांत वरच्या कोपऱ्यात. तुमच्या डब्याचं झाकण वर असेल तर प्रत्येक वेळी झाकण काढताना त्याचं घर फाटतं. नवीन लोकांचे कोळी यामुळेच सतत बिथरलेले असतात.

सोपा उपाय : प्लास्टिकची पारदर्शक बरणी उलटी ठेवा. झाकण खाली जमीन झालं, बरणीचा तळ छप्पर झाला. १० सेंटिमीटर रुंद आणि १५ उंच पुरते. दोन समोरासमोरच्या बाजूंना दाभण तापवून भोकं पाडा, एका बाजूला खाली, दुसऱ्या बाजूला वर, म्हणजे हवा खेळते. भोकांवर आतून मच्छरदाणीचा तुकडा चिकटवा आणि डिंकाचा वास पूर्ण जाईपर्यंत तीन-चार दिवस बरणी उघडी ठेवा. आत जमिनीवर टिश्यू पेपर, एक काडी तिरकी, छपराजवळ अंड्याच्या ट्रेचा तुकडा आडोशाला. एवढंच. माती, शेवाळ, दगड घालून सजवलेल्या बरण्या फोटोत छान दिसतात, पण पावसाळ्यात त्यांत बुरशी येते आणि पिल्लू हरवलं तर सापडत नाही. बाजारातली फुलं, विशेषतः झेंडू आणि गुलाब, आत घालू नका. त्यांवर फवारणी झालेली असते.

बरणी उजेडात हवी, उन्हात नाही. या कोळ्याला दिवस दिसला पाहिजे, १० ते १२ तास. पण खिडकीतलं थेट ऊन बंद बरणीत पंधरा मिनिटांत जीव घेतं.

पाणी, ऊब आणि हवा

बरणीच्या एका भिंतीवर बारीक फवारा, चार-सहा थेंब दिसतील एवढाच. कोळी थेंबाला तोंड लावून पाणी पितो. वाटीत पाणी ठेवू नका. नाशिकच्या एप्रिल-मेत फवारा सकाळ-संध्याकाळ, ऑक्टोबरनंतर एक दिवसाआड, जुलै-ऑगस्टमध्ये तीन दिवसांतून एकदा आणि तोही भिंत कोरडी झाल्यावर. कोळ्यावर फवारू नका.

पाय पोटाखाली आखडलेले दिसले तर तो मेला असं समजून फेकू नका. सुरुवातीला सांगितलेला द्रवाचा दाब आठवा. ओल्या टिश्यूवर तोंड खाली करून ठेवा, ब्रशच्या टोकाने तोंडाशी पाण्याचा थेंब द्या, झाकून सावलीत ठेवा. अर्ध्या-एक तासात पाय सरळ होताना मी पाहिले आहेत. सगळेच वाचत नाहीत, पण प्रयत्न करावा.

२४ ते २९ अंश त्यांना मानवतं. १५ च्या खाली गेलं की ते सुस्त होतात, खाणं सोडतात. आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे पारा १० च्या खाली जातो, निफाडकडे तर आणखी. प्रौढ कोळी आतल्या खोलीत ठेवले तर हा काळ निभावतात. पिल्लांसाठी थर्माकोलचं खोकं, आत गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून, झाकण बोटभर उघडं.

आता विषाबद्दल, कारण माझे सर्वांत जास्त कोळी यानेच गेले. डासांसाठी लावतो ती कॉइल, मॅट, लिक्विड यांतलं औषध किड्यांच्या मज्जातंतूंवर काम करतं, आणि कोळी त्याला फार नाजूक. ज्या खोलीत कोळी आहेत तिथे यांतलं काहीच नको, मच्छरदाणी लावा. मुंग्यांचा खडू हेही विषच. मुंग्यांना अडवायला आजीचा उपाय वापरा : जाळीच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. माझ्या कोळ्यांचं मांडणं आजही असंच उभं आहे. धूरफवारणीची गाडी गल्लीत येते त्या दिवशी खिडक्या बंद, बरण्यांवर ओली चादर, आणि दोन तास काही उघडायचं नाही. एका वर्षी मी बाहेरगावी होतो, खिडकी उघडी राहिली, आणि परत आलो तर ११ पैकी २ बरण्यांत हालचाल होती.

मोठ्यांचं खाणं

घरमाशी, दिव्याशी येणारे छोटे पतंग, लहान नाकतोडे, झुरळाची अगदी लहान पिल्लं. भक्ष्य कोळ्याच्या शरीराएवढं किंवा कमी. दोन-तीन दिवसांतून एकदा पुरे. पोटाकडे बघून ठरवा : गोल, ताणलेलं पोट म्हणजे भरलेलं, सुरकुतलेलं म्हणजे भुकेलं. पक्ष्यांचं खाद्य विकणाऱ्या दुकानात मीलवर्म नावाच्या अळ्या मिळतात. देण्याआधी त्यांचं डोकं चिमट्याने दाबा, नाहीतर ते टिश्यूखाली शिरतात आणि झोपलेल्या कोळ्याला कुरतडतात.

मुंग्या, गांधीलमाशी, ढेकण्या देऊ नका. आणि नाशिककरांना खास सांगणं : द्राक्षबागेतला किडा घरात आणू नका. ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंत बागेत फवारण्या चालू असतात. बाग ओळखीची असली तरी नको. कांद्याच्या शेताचंही तेच. गच्चीवर स्वतः लावलेल्या मेथी-कोथिंबिरीवरचे किडे सगळ्यांत भरवशाचे.

कोळी अचानक खाणं बंद करतो, खोळ जाड करतो आणि आत बसून राहतो. हे कात टाकण्याचं लक्षण. पिल्लाला दोन-तीन दिवस, मोठ्याला आठवडा-दोन आठवडे लागतात. या काळात बरणीतलं जिवंत भक्ष्य काढून घ्या, खोळीला हात लावू नका, भिंतीवर थेंब तेवढे देत राहा. कात टाकलेला कोळी मऊ असतो, त्याला दोन-तीन दिवसांनीच खायला द्या.

जोडी लावणं

मादी शेवटची कात टाकून दोन आठवडे झालेली हवी. त्या दोन आठवड्यांत तिला पोटभर घाला, आणि ज्या दिवशी नर सोडायचा त्याच्या आदल्या दिवशीही. भुकेल्या मादीला नर म्हणजे जेवण.

आधी दोघांच्या बरण्या शेजारी ठेवा, मध्ये पुठ्ठा. पुठ्ठा काढला की काचेपलीकडून एकमेकांना बघतात. नर पुढचे पाय उंचावतो, डावीकडे-उजवीकडे नागमोडी चालतो, थरथरतो. मादी बसून बघत राहिली तर चांगलं. झडप घालत असेल तर दोन दिवसांनी पुन्हा. घरमालकिणीच्या जागेत पाहुणा येतो तसा नराला मादीच्या बरणीत सोडा, उलट करू नका. मादीला उचलून नवीन जागी टाकलं तर ती बिथरते.

सोडल्यावर तिथून उठू नका. हातात मऊ रंगाचा ब्रश ठेवा. नर पुढे येतो, थांबतो, पाय उंचावतो, एक पाऊल टाकतो, पुन्हा थांबतो, आणि हे कधी अर्धा तास चालतं. शेजारचा ओम माझ्याबरोबर बसून हे बघत होता. म्हणाला, "काका, तो परवानगी मागतोय." मला त्याहून नेमकं वर्णन सुचलेलं नाही. मादीने मान्य केलं की नर तिच्यावर चढतो, तिचं पोट एका बाजूला वळवतो आणि पल्पने बीज देतो. कधी काही मिनिटं, कधी तासभर. सुटले की नराला लगेच बाहेर काढा. मादीने पुढचे पाय वर करून त्याच्यावर धाव घेतली तर ब्रश मध्ये घाला.

एकदा मिळालेलं बीज मादी साठवून ठेवते आणि त्यावर पुढचे कोशही घालू शकते. त्यामुळे पुन्हा पुन्हा जोडी लावण्याची गरज नाही.

कोश

पुढचे दोन-तीन आठवडे मादी अधाशासारखी खाते, खाऊ द्या. मग खोळ जाड करते, आत अंड्यांचा चपटा कोश करते आणि त्यावर बसून राहते. प्लेक्सिपसच्या कोशात साधारण ३० ते ६० अंडी असतात. आता तुमचं काम बरणी न हलवणं. झाकण उघडायचं ते फक्त खोळीच्या जवळ थेंब द्यायला आणि चार दिवसांतून एकदा छोटी माशी सोडायला. तिने दोन दिवसांत घेतली नाही तर काढून टाका. फार छेडलं तर मादी अंडी खाऊन टाकते. पहिला कोश वांझ निघणंही होतं, तेव्हा नाराज होऊन मादीला सोडू नका, दुसऱ्याची वाट बघा.

उबेत तीन ते चार आठवड्यांनी पिल्लं दिसतात. अंड्यातून निघाल्यावर ती काही दिवस कोशातच राहतात, तिथेच पहिली कात टाकतात आणि मग बाहेर येतात. चिलटांच्या बरण्या किती आहेत ते आज मोजा. चारपेक्षा कमी असतील तर आजच नवी लावा.

पिल्लं वेगळी करणं

पिल्लं खोळीबाहेर हिंडू लागली की मादीला तिच्या नव्या बरणीत हलवा. पहिले दहा-बारा दिवस पिल्लं एकत्र राहू शकतात, जर बरणीत कायम चिलटं असतील तर. त्यानंतर प्रत्येकाला वेगळी डबी. मेडिकलमध्ये नमुना द्यायची ३० मिलिलिटरची पारदर्शक डबी मिळते, तीच मी वापरतो. बारीक सुई तापवून झाकणाला पाच-सहा भोकं. ती चिलटापेक्षा बारीक हवीत. आत टिश्यूची एक वळकटी, बस्स. ही डबीही उलटी ठेवायची. पाणी म्हणजे ब्रशच्या टोकाचा एक थेंब, मोठ्या थेंबात पिल्लू अडकून बुडतं.

एक दिवसाआड दोन-तीन चिलटं. न खाल्लेली दुसऱ्या दिवशी काढा. पिल्लू डबीच्या छपराला पांढरा गोळा करून बसलं तर कात आहे, सोडून द्या. दोन-तीन काती झाल्या की घरमाशी धरू लागतं आणि तुमच्या चिलटांवरचा भार हलका होतो. माझ्याकडे ऑक्टोबरमधली पिल्लं मार्च-एप्रिलमध्ये वयात येतात. चांगलं खाणारी लवकर, थंडीत सुस्त पडलेली उशिरा.

सगळीच्या सगळी ठेवू नका. मी कोशामागे ८ ठेवतो. बाकीची पहिल्या दहा दिवसांतच, ज्या भिंतीवरून मादी उचलली त्याच जागी, सकाळच्या कोवळ्या उन्हात, कुंड्यांच्या आडोशाला सोडतो. पाऊस किंवा धूरफवारणीचा दिवस टाळतो. अनोळखी जागी, दुसऱ्या गावी नेऊन सोडत नाही. मित्रांना द्यायची असतील तर आधी त्यांच्या घरी चिलटांची बरणी बघून येतो.

म्हातारी मादी

पिल्लं गेल्यावर मादी पुन्हा खाऊ लागते आणि दुसरा कोशही करते. तिसऱ्यानंतर माझ्या माद्या थकतात. या कोळ्यांचं आयुष्य साधारण वर्षभराचं, कधी थोडं जास्त. आधी उडी चुकते, मग काचेवर चढताना पाय घसरतात. अशी मादी परत भिंतीवर सोडली तर पाल किंवा मुंग्या तिला तासाभरात संपवतात. तिला कमी उंचीच्या डब्यात ठेवा, तळाला टिश्यूची घडी द्या म्हणजे पडली तरी लागणार नाही. पाण्याचा थेंब भिंतीवर वर न देता खाली, तिच्या तोंडाच्या पातळीवर. माशी पाय मोडून अगदी समोर ठेवा आणि काडीने हळूच हलवा. तिच्या पुढच्या दोन डोळ्यांना ती हालचाल अजून दिसते, आणि ती पाय वर करून पुढे येते.